नहरीत उतरलेली चौघं

छत्रपती संभाजीनगर
३ मार्च २०२४

चि. चिन्मय,

'चि.' लिहावं की नुसतं नाव, या विचारात चहा निवून गेला. शेवटी लिहिलं. नको असेल तर खोडून वाच. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते उचलावं लागत नाही, दाराखालून आपोआप आत येतं.

निमित्त पाण्याचं आहे. आपल्या गल्लीत अजून नळ नाहीच. टँकर गुरुवारी येतो, कधी शनिवारी. शहराच्या या सातारा परिसरात आपण घर घेतलं तेव्हा समोर ज्वारी होती. आता तिथे अकरा मजले आहेत आणि अकराच्या अकरा मजले त्याच टँकरची वाट बघत असतात. गेल्या पावसाळ्यानं तोंडाला पानं पुसली, म्हणून आणखी एक ड्रम काढायला माळ्यावर चढलो. सहासष्टाव्या वर्षी चढायला नको होतं, हे मला कळतं. पडलो नाही. ड्रमच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात तुमच्या खेळाची वही, एक नकाशा आणि तीन कार्डं होती.

कार्डं आधी उलटी हातात आली आणि मी दचकलोच. ते माझ्या पाणीपुरवठा कचेरीतले टँकरच्या खेपांचे तक्ते निघाले. गाव, खेप क्रमांक, भरण्याचं ठिकाण, चालकाची सही. दुष्काळाच्या वर्षांत मी कोरे तक्ते घरी आणून ठेवायचो आणि ते इतके भराभर कसे संपतात याचा मला उलगडा होत नसे. त्यांच्या पाठीवर तुम्ही योद्धे काढत होतात.

वही वाचली. नकाशा आपल्या नहर-ए-अंबरीचा आहे हे मी लगेच ओळखलं. जमिनीखालचं ते जुनं पाणी एका राक्षसानं अडवलंय आणि चौघांनी खाली उतरून ते मोकळं करायचं. मी रविवारीसुद्धा वैजापूर-गंगापूरला टँकर हाकत होतो आणि माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर, तुम्ही पाणी शोधत होतात. हसू आलं. मग आलं नाही.

पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात नियम आहे : 'आपलं पात्र आपण निवडायचं नाही. दुसऱ्यानं निवडायचं आणि का निवडलं ते कार्डावर लिहायचं.' योद्ध्याच्या कार्डावर आपल्या वरच्या खोलीत राहणारा इंद्रजीत. त्याला समोरच्या सईनं निवडलंय : 'जड वस्तू उचलतो, बोलून दाखवत नाही.' जादूगार सई, निवडणारा इंद्रजीत : 'ही काय बोलती ते निम्मं कळत नाय, पण मागून खरं निघतं.' चोराच्या कार्डावर माणसाचं नाव नाही. नुसतं 'मांजर', आणि तुझ्या अक्षरात : 'आवाज न करता येते, आवाज न करता जाते. कुठं काय ठेवलंय ते हिलाच ठाऊक.' चौथं कार्ड वैद्याचं. ते डब्यात नाही. पण वहीत मधूनमधून तुझ्या आईचं अक्षर दिसतं, त्यावरून वैद्य तीच असणार. दुसरं कोण असणार? सगळ्यांचं दुखलं-खुपलं तीच बघायची.

शेवटच्या पानावर लिहिलंय : 'चोर दारात अडकला. जीव एक. दार बंद होतंय. खेळी वैद्याची. बारा किंवा वर आले तर वाचेल.' पुढे कोरं. खेळ का थांबला ते मला आठवत नाही.

एक गोष्ट पुन्हा सांगतो, म्हणजे पत्रात तरी ती शांतपणे सांगितली जाईल. आजारपणाचं चिन्मयला कळवू नका, असं तुझ्या आईचंच म्हणणं होतं. तेराव्यालाही मी हेच सांगितलं होतं. तुला ते पटलं नाही आणि त्याला आता पाच वर्षं होतील.

हा खेळ कसा खेळतात ते मला लिहून पाठव. मला करमत नाही असं समजू नकोस.

बाबा


२८ मार्च २०२४

चि. चिन्मय,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. हल्ली पोस्टकार्ड कुठे मिळतं याचंच मला आधी नवल वाटलं. वर 'ती. बाबा' नाही, खाली सही नाही. तरी तीन ओळी आहेत. 'चौघे निवडा. नहर तीच. का निवडले ते लिहा.' मी त्या बऱ्याच वेळा वाचल्या, तीन ओळींना लागू नये इतका वेळ.

तर निवड. वहीवरून मला कळलं ते असं : योद्धा मारतो आणि मार खातो. जादूगार लांबून आग टाकतो, अंधारात उजेड करतो, पण त्याला एक फटका बसला की संपला. चोर सापळे ओळखतो, कुलपं उघडतो. वैद्य लढत नाही, जखमा भरतो. एका टोळीत चौघंच.

माझी टोळी : चार योद्धे.

कारण. चौतीस वर्षं मी माणसं कामावर लावली. दोन हजार तेरामध्ये एका दिवसात एवढे टँकर सोडलेत, आणि त्या अनुभवावर सांगतो, आणीबाणीत कलाकार उपयोगाचे नसतात. रात्रंदिवस राबणारी, जाडजूड, एका साच्याची माणसं लागतात. एक आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा चालतो. प्रत्येकाला वेगळं काम दिलं की एकाच्या गैरहजेरीत सगळं अडतं. नियोजनात हे पहिलं शिकवतात.

वीस बाजूंचा फासा लागतो असं वहीत आहे. तो आणायला शहागंजला गेलो. क्रांती चौकात पाइपलाइनसाठी रस्ता खोदलेला, रिक्षावाल्यानं सारा गाव फिरवून नेलं. घड्याळाच्या मनोऱ्यामागे खेळण्यांची दुकानं आहेत तिथे विचारलं. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "चाचा, छे बाजू का ले जाओ. बीस बाजू का किसने देखा? उसको पढेंगे कैसे?" मी म्हणालो, आमच्या घरात होता एक. तो म्हणाला, "तो फिर घरमेंच ढूंढो ना."

घरात नाही. असो.

बाबा


१७ एप्रिल २०२४

चि. चिन्मय,

'पहिल्या वळणावर सापळा. बघणारं कोणी नव्हतं. चौघे मेले.' एवढ्यानं मला काही वाटलं नसतं. नोकरीत यापेक्षा कोरडे शेरे वाचलेत. पण खाली तू लिहिलंयस : 'आई वैद्य नव्हती. आई चोर होती.'

मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

मांजर. तिचं पाऊल वाजत नसे. मी वर्तमानपत्र वाचत असलो की चहाचा कप शेजारी येऊन ठेपायचा आणि मी मान वर करेपर्यंत ती स्वयंपाकघरात असायची. पस्तीस वर्षांत ती मला माहीत झाली असं मी धरून चाललो होतो. तुम्हा पोरांना मात्र दिसलं की ती कुलपं उघडू शकते. एकदा मी पैठणहून आलो तर फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा रिकामा डबा होता आणि ती म्हणाली, मिरच्या ठेवायला आणलाय. मी विश्वास ठेवला. आता कळतं, तिला हसू आवरत नव्हतं म्हणून ती मला पाठमोरी होती.

आणि दुखणंही तिनं तसंच ठेवलं. दिवाळीपासून पोटात दुखत होतं, मला जानेवारीत सांगितलं. ती आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली चोर होती, चिन्मय.

मग वैद्य कोण होतं? तू काही लिहिलं नाहीस. तुझ्या वर्गातलं कोणी?

नवी टोळी : योद्धे दोन, जादूगार एक, चोर एक. चोर पुढे चालेल, सापळे बघेल. वैद्य घेतलेला नाही. कारण : जो मारत नाही, उघडत नाही, उजेड करत नाही, त्याला चारातली एक जागा देणं मला परवडत नाही. जखम होऊच दिली नाही तर वैद्य कशाला हवा?

दोन दिवस झाले, ढग येतात आणि जातात. तुमच्या बंगळुरूलाही पाण्याचे हाल आहेत असं वाचलं. तू पाणी उकळून पितोस ना? याचं उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. उकळ.

बाबा


६ मे २०२४

चि. चिन्मय,

'तिसऱ्या दालनापर्यंत गेले. प्रत्येकाला थोडं थोडं लागलं होतं. भरायला कोणी नव्हतं. एकेक करून मेले. सगळ्यात शेवटी चोर.'

'सगळ्यात शेवटी चोर' हे तू खेळाच्या हिशेबानं लिहिलंस की माझ्यासाठी, हे मी विचारणार नाही.

त्याऐवजी एक जुनी गोष्ट सांगतो, घरात कधी सांगितली नव्हती. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात माझ्या हाताखाली कडूबा नावाचा माणूस होता. टँकरबरोबर गावात जायचं आणि विहिरीत पाणी सोडलं की त्यात जंतुनाशक पावडर टाकायची, एवढंच त्याचं काम. लोक त्याला पावडरवाला म्हणायचे. ना गाडी चालवायचा, ना पाइप ओढायचा. खेपा वाढवायचा दट्ट्या वरून आला तेव्हा मी कडूबाला टँकरवरून उतरवलं आणि त्याच्या जागी पाइप ओढणारा एक गडी चढवला. खेपा वाढल्या. सगळ्यांनी पाठ थोपटली. बाराव्या दिवशी एका वाडीत जुलाब सुरू झाले. पोरं, म्हातारी माणसं. कोणी दगावलं नाही, हे नशीब. कडूबा माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, मी काय लई मोठं काम करत नव्हतो. पण करत व्हतो." अहवालात मी लिहिलं, उद्भव दूषित, म्हणजे दोष विहिरीचा. कडूबाचा उल्लेख केला नाही. खाली नेहमीप्रमाणे लिहिलं, सद्यस्थितीत सर्व ठीक.

हे दोन शब्द माझ्या हाताला फार सवयीचे होते. सर्व ठीक.

परवा सई भेटली. शाळेत चित्रकला शिकवते, केस कापलेत, आधी ओळखलंच नाही. तिला घरी बोलावलं, वही दाखवली. तिनं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काका, खेळ का थांबला ते तुम्हाला खरंच आठवत नाही?"

आठवतं. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

दोन हजार सोळाचा मे. माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. गंगापूरच्या एका गावात लोकांनी टँकर अडवला, मला उन्हात तीन तास बसवलं, म्हणून त्या रविवारी मी लवकर परतलो. दार उघडंच होतं. सतरंजीवर तुम्ही तिघं, आणि तुझी आई गुडघे मुडपून, पदर खोचून, मुठीत फासा हलवत होती. हसत होती. तिला मी तसं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मला त्याचा राग आला. एवढं साधं आहे ते. मी दिवसभर शिव्या खाऊन येतो आणि हे लोक माझ्याशिवाय सुखात आहेत. मी म्हणालो, "लोक पाण्यावाचून मरतायत आणि इथं आईला जुगार शिकवतोयस?" तिच्या मुठीतून फासा काढून घेतला आणि गॅलरीतून रस्त्यावर फेकला. तू उठलास. तिनं तुझा हात धरला आणि मला विचारलं, जेवलात का?

सईला मी विचारलं, वैद्य कोण होतं? ती म्हणाली, "ते मी नाही सांगणार. कार्ड इंद्रजीतकडे आहे. तुम्हीच जा खुलताबादला."

टोळी : योद्धा एक, जादूगार एक, चोर एक, वैद्य एक. कारण लिहायला आता काही उरलं नाही. चौघांपैकी कोणालाच दुसऱ्याचं काम येत नाही, हेच कारण.

बाबा


२६ मे २०२४

चि. चिन्मय,

काल बसनं खुलताबादला गेलो. वेशीच्या आत थोडं पुढे इंद्रजीतचं चहाचं हॉटेल आहे, मागे डोंगराच्या अंगाला पेरूची बाग. बाग टँकरवर जगवतोय. टँकरचा दर त्यानं सांगितला नाही, मी विचारला नाही, दोघांनाही अंदाज होता. पोट सुटलंय त्याचं. मला बघून हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आला.

"काका, तुमी? या, या. हितं नका बसू, आत पंखा हाय."

मी आल्याचं कारण सांगितलं. त्यानं गल्ल्याच्या खणातून एक रुमाल काढला. त्यात फासा. निळा आहे, एक कोपरा उडालाय, हे मी विसरलो होतो.

"तुमी फेकला त्या दिवशी, मी खाली जाऊन हुडकला. गटारात पडला व्हता. गटार कोरडंच व्हतं म्हणून घावला."

"मग परत का नाही दिलास?"

"द्यायला गेलतो की. काकू म्हणल्या, तुझ्याकडंच राहू दे, घरात दिसला की पुन्हा त्रास. म्हणल्या, त्यांची खेळी राहिलीय, येतील कवातरी."

"कोणाची खेळी?"

त्यानं झारा खाली ठेवला. "तुमची की, काका. वैद्य तुमीच व्हता."

मी म्हणालो, मी एक दिवसही खेळलो नाही. तो म्हणाला, "ते व्हयच. पण वैद्य नसला की टोळी मरती. आणि आमच्यातलं कुणीच व्हायला तयार नाय. चिन्मय म्हणत व्हता, बाबांना राक्षस करू. रागावू नका, पोरगंच व्हतं ते. काकू म्हणल्या, नाय, ते वैद्य. त्यांची खेळी मी खेळते, ते येईस्तोवर."

मग त्यानं कार्ड दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. तू ते पाहिलेलं आहेस, पण मी काल पहिल्यांदा पाहिलं, म्हणून उतरवून काढतो. अक्षर तुझ्या आईचं. निवडणारी, भानुमती. कारण : 'दिवसभर लोकांना पाणी पाजत फिरतात. घरी आल्यावर चिडतात, कारण थकलेले असतात. वैद्यच आहेत. त्यांना अजून माहीत नाही.'

खाली बारीक अक्षरात रविवार. 'आज वैजापूरला. खेळी मी खेळले. सोळा.' 'आज पैठणला. खेळी मी खेळले. नऊ.' 'आज मीटिंग. फासा पलंगाखाली गेला, मीच वाकून पाहिला. तीन होते. तीनच लिहिले.' असे दोन तक्ते भरलेत, एकाला एक टाचून. माझ्या खेपांच्या नोंदी मी कधी इतक्या इमानानं केल्या नाहीत.

म्हणजे त्या दिवशी तिच्या मुठीत फासा होता तो माझ्या वतीनं होता. ती माझी खेळी खेळत होती आणि मी तीच तिच्या हातातून काढून घेतली.

हॉटेलात मला रडू आलं. इंद्रजीतनं गिऱ्हाइकांना सांगितलं, "काकांना ऊन लागलंय," आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. चांगला मुलगा आहे. जड वस्तू उचलतो, बोलून दाखवत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. तीन महिने त्याच्या भोवतीनं फिरतोय.

तुला कळवू नका असं तुझी आई कधीही म्हणाली नव्हती. ते मी म्हणालो होतो.

तिनं तीनदा सांगितलं, चिन्मयला बोलवा. पहिल्यांदा फेब्रुवारीत, तपासणीहून येताना रिक्षात. मी म्हणालो, नुकती नोकरी लागली आहे, सहा महिने पक्की होऊ दे. दुसऱ्यांदा पाडव्याला. गुढी मी एकट्यानं उभारली, ती खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, तो आला असता तर गुढी सरळ लागली असती. मी म्हणालो, सरळच आहे. तिसऱ्यांदा मे महिन्यात, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. तिनं टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. फोनशेजारी पाण्याचा पेला होता. मी तिला पाणी पाजलं. तिला काय हवंय ते मला कळलं होतं, चिन्मय. कळूनही मी पाणी पाजलं. ती ते प्यायली, माझं मन राखायला.

दर रविवारी तू फोन करायचास आणि मी सांगायचो, ठीक आहे, झोपली आहे, शेजारी गेली आहे. सतरा रविवार. तू मोजलेस ते बरोबर आहेत. शेवटी तुला बोलावलं तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती. तू तिच्या कानाशी दोन दिवस बोलत राहिलास आणि मी दाराबाहेर उभा राहून ते ऐकलं.

का केलं, तर नोकरीचं मी निमित्त केलं होतं. मला भीती वाटत होती. तू आलास की ती खरंच जाणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. तू येत नाहीस तोवर सर्व ठीक.

तेराव्याला तू म्हणालास, 'यापुढे तुमच्या एका शब्दावरही मी विश्वास ठेवणार नाही.' तो तू ठेवावास असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण मला तो परत हवा आहे. दुसरं काही नको. तू घरी ये, माझं कर, यातलं काही मी मागत नाही. मी 'ठीक आहे' म्हटलं तर ते ठीक असावं, आणि तुला तसं वाटावं, एवढं मरायच्या आधी झालं तर हवं आहे.

फासा माझ्याकडे आहे. टाकलेला नाही. नवी टोळी राहू दे, वहीतली ती अर्धी राहिलेली खेळी आधी. तू सूत्रधार आहेस, खेळ तूच चालवतोस. तुझ्या परवानगीशिवाय टाकणार नाही.

बाबा


९ जून २०२४

चिन्मय,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. 'खेळी तुमची आहे. फासा एकदाच.' वर 'बाबा' लिहून खोडलंयस. खोडलेलं वाचता येतं.

शनिवारचा चुकलेला टँकर आज सकाळी येऊन गेला. ड्रम भरले, अंघोळ केली, कपडे बदलले. खेळायला कपडे कशाला बदलायचे, पण बदलले. दुपारी चारला जेवणाचं टेबल पुसलं. तिथे बसून टाकावं असं आधी ठरवलं होतं, मग सतरंजी काढून खाली अंथरली. गुडघे दुखतात, तरी बसलो. चारही कार्डं मांडली. योद्धा पुढे, चोर दारात, जादूगार त्याच्या मागे, आणि वैद्य सगळ्यांच्या शेवटी, जिथे तिनं नकाशावर पेन्सिलीनं खूण केली होती. वही शेवटच्या पानावर उघडली. जीव एक. बारा किंवा वर.

फासा मुठीत हलवला. ती हलवत होती तसा. आठ वर्षं झाली, तिचा हात कसा होता ते मला नीट आठवलं.

फासा सतरंजीवरून घरंगळत फरशीवर गेला, आणि पलंगाखाली. मी पालथा झोपून बॅटरीनं पाहिला. घरात दुसरं कोणी नाही. तू बंगळुरूला. या पत्रात मी अठरा लिहिले तर तुला कधीच कळणार नाही, आणि अठरा लिहायची माझ्या हाताला सवय आहे. तिथेच पडून मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. तो बदलावा असं मला किती वाटलं ते लिहून सांगता येत नाही.

पुन्हा टाकला नाही.

सात आले, चिन्मय. दार बंद झालं. तुझी आई आतच राहिली.

बाबा